‘खराब’ शेरा मारलेली कॅसेट

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, बाई दिवसभर पंख्याखाली बसून पुस्तकं देते-घेते. बसा एकदा माझ्या खोलीत! विद्यापीठाच्या या किनाऱ्यावरच्या उपकेंद्रात कोकणच्या लोकजीवनाचा विभाग माझ्याकडे आहे. गलबतांचे फोटो, जुन्या लग्नपत्रिका, बायकांच्या ओव्यांच्या कॅसेटी, आणि या सगळ्यांवर टपून बसलेली खारी हवा. ओल्या खोबऱ्याला लागावी तशी बुरशी लागते. पुसून पुसून माझे खांदे भरून येतात आणि वर साहेब विचारतात, “मॅडम, जागा कधी मोकळी करताय?”

त्या सकाळी तेच चाललं होतं. निकामी सामानाची खोकी मी व्हरांड्यात काढून ठेवली होती. भंगारवाल्याचा टेम्पो कुठल्याही क्षणी येणार होता. तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, अंगात कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट.

“मॅडम, माझ्या वडिलांचा आवाज आपल्याकडे आहे, असं समजलं.”

“अर्ज द्या. चार दिवसांनी या,” मी मान वर न करता म्हटलं.

त्याचं ऑफिसातलं मराठी तिथेच संपलं. “चार दिवसांनी काय करू येवन? परवा जत्रा आसा!”

मग त्याने सांगितलं ते असं. त्याचा बाप गावचा घाडी. जत्रेत ग्रामदेवतेपुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. बाप गेला श्रावणात. मान आता याच्याकडे आला, आणि हा राहतो दोडामार्गात, रोज उठून गोव्यात कामाला.

“बापाशीन शिकवल्यान, पण मी घरात खंय असतंय? माका सुरवात येता, शेवट येता. मधी शिवेवरचे देव घेवचे लागतत, एकामागून एक. तेंचो क्रम चुकता. परवा अडाखळलंय तर मान चुलत्याच्या घराक जातलो. तसा गावान सांगान ठेवला हा.”

त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या आलेली गोष्ट परवा सगळ्यांदेखत जाणार होती. मला तो म्हातारा लख्ख आठवला. आणि त्याची कॅसेट कुठे असणार, हेही मला कळून चुकलं.

मी नोकरीला नवी होते तेव्हाची गोष्ट. ध्वनिमुद्रणाला एक तंत्रज्ञ कोल्हापुराहून आले होते. फोंडाघाटाच्या वळणांनी त्यांना गाडी लागलेली, त्यामुळे आधीच चिडलेले. खिडक्यांना गोधड्या लावून त्यांनी दम भरला, “कुणी शिंकायचंसुद्धा नाही!” म्हाताऱ्याने नारळ पुढ्यात ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं, आणि तो थांबला. तंत्रज्ञ हाताने खुणा करतायत, पुढे चला, पुढे चला. म्हातारा ढिम्म. पुन्हा एक वाक्य म्हटलं, पुन्हा थांबला. शेवटी गप्पच बसला.

आता आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की घाडी एक मागणं मागतो आणि जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हणायचं असतं. त्याशिवाय तो पुढे जात नाही. जाणार कसा? गाव मागे उभं आहे की नाही, हे त्याला कळायला नको?

दुसऱ्या कॅसेटीलाही तसंच व्हायला लागलं. म्हाताऱ्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, “व्हय म्हाराजा!” काय सांगू, त्याचा चेहराच फुलला! मग तो थांबला म्हणून नाही. मी शेवटपर्यंत साथ देत राहिले. तंत्रज्ञांनी मला नंतर असं झापलं! “बाई, तुमच्या ओरडण्याने सगळं वाया घालवलंत.” पहिल्या, अर्धवट पण स्वच्छ कॅसेटीवर त्यांनी शेरा लिहिला ‘उत्तम’. दुसरीवर ‘खराब’.

‘उत्तम’ होत्या त्या कपाटात होत्या. ‘खराब’ सगळ्या व्हरांड्यातल्या खोक्यांत.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

मी चपला न घालताच धावले. भंगारवाल्याने निम्मी खोकी चढवलीसुद्धा होती. “उतरव! सगळी उतरव!” तो म्हणाला, साहेबांची सही झाली आहे. मी म्हटलं, “सही घाल चुलीत!” तो माणूस हेल्मेट टाकून टेम्पोत चढला. आम्ही दोघांनी खोकी जमिनीवर उपडी केली. तारा, मोडके माउस, झुरळं. खालच्या खोक्यात ती निघाली. फितीवर पांढरी बुरशी. त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि मला विचारलं, “मेली काय?”

“अजून नाही,” मी म्हटलं, पण मला खात्री कुठे होती!

स्क्रू काढून फीत बाहेर घेतली. मऊ फडक्यातून हाताने ओढत दुसऱ्या कॅसेटीच्या रिकाम्या डबीत गुंडाळली. अशी फीत बहुतेक एकदाच वाजते. तुटली तर तुटली. कॉम्प्युटरवर मुद्रण चालू केलं आणि म्हटलं, “आता तुमचं नशीब आणि माझा टेपरेकॉर्डर.”

खरखर. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. “बा देवा म्हाराजा...”

आणि पाठोपाठ माझा, पंचविशीतला, चिरका आवाज. “व्हय म्हाराजा!”

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पायातले बूट काढले. वडाकडचा राखणदार आला, पाणंदीतला आला, खाडीच्या तोंडावरचा आला. प्रत्येक नावाला त्याचे ओठ हलत होते. मी मात्र नुसती त्या फिरत्या चाकाकडे बघत होते. मध्येच फीत किंचाळली, चाक थबकलं. मी बटण दाबलं, पेन्सिलीने हलकेच एक वेढा फिरवला, पुन्हा लावलं. माझ्या कपाळावरचा घाम टेबलावर पडत होता. चाललं! शीव पूर्ण झाली.

मला वाटलं, संपलं. पण म्हातारा थांबला नव्हता. हे मी पार विसरले होते.

“बा देवा म्हाराजा, माझो झील पोटासाठी भायर जाता. माझ्या मागे तो तुझ्या पायाकडे उभो रवात. जीभ अडाखळात तर लेकरू म्हणान पदरात घे, आणि फुडला नाव तूच तेच्या तोंडात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” कॅसेटीतली मी म्हणाले. तो भिंतीकडे तोंड करून रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

जत्रेला मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. उन्हं कलली होती. देवळासमोर गाव उभं, आणि पुढच्या रांगेत हाताची घडी घालून त्याचा चुलता. म्हाताऱ्याचा पोरगा सुरेख म्हणत होता. वड झाला. पाणंद झाली. आणि खाडीच्या तोंडावरच्या राखणदारापाशी तो थांबला.

वाक्य संपलं नव्हतं. नाव यायचं होतं. चुलत्याने हाताची घडी सोडली. अर्ध्या वाक्याला कोण आणि कशी साथ देणार?

मी दिली. होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, “व्हय म्हाराजा!”

लोकांनी वळून पाहिलं. एक म्हातारी रागाने पुटपुटली. मी पुन्हा म्हटलं. मग मागून कुणीतरी म्हटलं, मग बायकांनी, मग अख्ख्या गावाने, अगदी देऊळ दणाणेपर्यंत.

त्याने डोळे उघडले नाहीत. एक लांब श्वास घेतला आणि पुढचं नाव घेतलं.