लेकरांच्या टेकाडावरचा मारुती

तेल्हाऱ्याच्या बाजारात भाजी विकून माणिकबाईने घर उभं केलं, पण गावाला तिची ओळख एकच, लेकरांच्या टेकाडावरची म्हातारी. नाल्याकाठी गाव वसवायला माळ्यांची पहिली घरं आली, तेव्हा भिंती उभ्या राहण्याआधी त्यांची लेकरंच मातीत गेली म्हणतात. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर एक दगड. टेकाडावर असे दगडच दगड, आणि त्यातल्या एकाखाली माणिकबाईची पहिली लेक. बारशाआधीच गेली, म्हणून तिला नावही नाही. बाजारातून येताना माणिकबाई त्या दगडावर हात ठेवायची आणि मगच घर गाठायची. लोक हसायचे. हसोत मेले!

मग पंचायतीने गोदामासाठी टेकाड सपाट करायचं ठरवलं. लेकीची माती जेसीबी उपसणार! माणिकबाई मुलाकडे, शेषरावाकडे रडत गेली. एरवी आईशी धड न बोलणाऱ्या त्या बहाद्दराने त्याच दिवशी शेंदूर आणून दिला.

"लाव त्या गोट्याले. शेंदराले कोनी हात नाई लावत."

तिने लावला. जेसीबीवाला आला, शेंदूर पाहून हात जोडून परत गेला. बातमी गावभर झाली, नारळ फुटले, दगडाचा मारुती झाला. माणिकबाई आनंदाने रडली. वेडी बाई!

देव म्हटला की देऊळ आलं, देऊळ म्हटलं की अंगण आलं. शेषराव देवळाचा अध्यक्ष झाला आणि त्याच जेसीबीने बाकीचे सगळे दगड नाल्यात लोटले. अंगणाच्या कडेने दुकानांचे गाळे निघाले, पहिला शेषरावाचा. ज्यांची लेकरं तिथे होती त्यांनीही वर्गणी दिली.

हनुमान जयंतीला माणिकबाई सवयीने गाभाऱ्यात शिरू लागली. शेषरावाने सगळ्यांसमोर तिचा दंड धरला.

"माय, बायकायले आत बंदी हाय."

"आरे, तुही बईन हाय तिथं!"

तो तिच्या कानाशी वाकला. "मले काय मालूम नाई? म्हनून त शेंदूर आनून देल्ला. आता गुमान पंगतीत बस."

ती बसली. पत्रावळीवर रोडगे आले, वरण आलं. शेजारची गोदाबाई कौतुकाने म्हणाली, "भाग्याची हायेस वं माणिकबाई. तुह्या हातानं देव निंगाला."