तुरीच्या वावरातलं वारं

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. बँडमधल्या कुणाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — की हीसुद्धा एक पळवाटच?

नव्वदीच्या अखेरीस मी वर्ध्यातल्या एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचो. लग्नसराईत वराती, एरवी मिरवणुका. गाण्याची सुरुवात माझी असायची, नवरदेवाचे मित्र माझ्याभोवतीच नाचायचे. मला त्याची चटक लागली होती.

आमच्यातला प्रभाकर ट्रम्पेट वाजवायचा. त्यानं समुद्रपूरकडच्या आपल्या वावरावरून एक धून बांधली. सिनेमातलं काही नाही. वाळलेल्या तुरीत वारं शिरलं की शेंगा खुळखुळतात — तेवढंच. शेंगांसाठी ड्रमवर नुसती बोटं. आणि मधोमध एक जागा अशी, की तिथं कुणीच सूर लावायचा नाही, सगळ्यांनी आपापल्या वाद्यात फक्त हवा फुंकायची. आम्ही आधी टिंगल केली. लग्नाचा बँड आणि आवाज न करता वाजवायचं? पण तालमीत ती जागा जमली आणि अंगावर काटा आला. माझ्याही.

चांगली होती धून. फार चांगली. आणि तिच्यात मला एकट्याला वाजवायला काहीच नव्हतं. माझ्या पोटात दुखलं — दुसरा शब्द नाही.

गणपतीत एका मंडळानं बँडची स्पर्धा ठेवली. प्रभाकरनं गावाहून आईवडिलांना आणलं होतं. आम्ही तीच धून वाजवायला घेतली. ती जागा आली. मैदान गप्प झालं, खरंच वारं सुटल्यासारखं वाटलं. आणि मी ओठ आवळले. क्लॅरिनेट किंचाळली. चुकून? नाही. चुकून झालं म्हणायची सोय होती, म्हणून तर केलं.

लोक खो-खो हसले. पुढचं कुणी ऐकलंच नाही.

माझ्या शेजारी सुदामकाका असायचे, दुसरी क्लॅरिनेट वाजवायला. त्यांचे पुढचे दात हलत होते, आणि तसं झालं की वाद्य असं किंचाळतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खाली उतरल्यावर प्रभाकर त्यांच्याकडेच वळला.

"काका, काऊन वाजवलं तुमी? नुसती हवा सोडाची होती ना!"

"मी नाई वाजवलं, बाबू." मग त्यांनी दाताला बोट लावून पाहिलं. "का मीच वाजवलं असन? माफ कर रे मले."

मी माझी क्लॅरिनेट पुसत राहिलो.

प्रभाकरनं ती धून पुन्हा काढली नाही. बँडमास्तरांनी काकांची क्लॅरिनेट बंद करून त्यांच्या हातात झांजा दिल्या. मला सांगता आलं असतं — त्याच संध्याकाळी, किंवा पुढं दोन हजार सालानंतर काका अंथरुणाला खिळले तेव्हा तरी. काय अडलं होतं? आधी भीती होती. नंतर न सांगण्याची सवय झाली. काका गेले.

झांजा हाती आल्या त्याच आठवड्यात ते माझ्या घरी आले होते. रुमालात त्यांच्या क्लॅरिनेटच्या पत्त्या बांधलेल्या — ओठाशी धरायच्या, वेताच्या, त्यांनी स्वतः घासून घासून जमवलेल्या.

"मले आता काय कराच्या? तुह्या कामी येतीन," म्हणाले.

मी घेतल्या. त्यांना चहा पाजला. त्या सालच्या सगळ्या वराती मी त्याच पत्त्यांवर वाजवल्या. आवाज छान यायचा.