भरमूची शिकवणी

अण्णा मास्तर गेल्याचं मला बेळगावच्या खडेबाजारात कळलं. शाळेसाठी शाईच्या पुड्या घ्यायला गेलो होतो. निपाणीकडून आलेला ओळखीचा गाडीवान म्हणाला, "मास्तर, तुमचं अण्णा गेलं की. शाळेतनं निघालं, वाटंत झाडाखाली बसलं, ते उठलंच न्हाईत." ऐकल्यावर मी काय विचारलं असेल, तर "किती वाजता?" माणूस गेल्यावर कोणी वेळ विचारतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. तो म्हणाला, "पाच वाजून गेलं असतील." म्हणजे अण्णा शिकवणीला पोचले नव्हते. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले, म्हणून लिहायला बसलोय.

निपाणीजवळच्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर आम्ही दोघंच मास्तर होतो. एकच लांबलचक खोली, मध्ये भिंत नाही. एका टोकाला अण्णांची सातवी, दुसऱ्या टोकाला माझी बारकी पोरं. अण्णा मूळचे बेळगुंदीचे, शेतकऱ्याचं पोर, आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा. ते भूगोल शिकवायला लागले की माझी पोरं माना वळवून तिकडेच बघत बसायची. मला राग यायचा. एकदा म्हणालो, "अण्णा, माझा वर्ग तुम्ही पळवलाय." ते म्हणाले, "पळायला तयारच हुता रं तो. म्या फकस्त दार उघडलं." असा खट माणूस. पण त्यांच्यासारखा शिकवणारा मी दुसरा पाहिला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

मग लढाई आली आणि महागाईनं सगळ्यांची हाडं दिसायला लागली. बोर्डाचा पगार आज येईल, उद्या येईल. अण्णांच्या घरात खाणारी तोंडं बरीच आणि कमावणारे ते एकटे. म्हणून त्यांनी तंबाखूच्या एका वखारवाल्याच्या घरी शिकवणी धरली. घर जैनांचं. मुलगा एकुलता एक, नाव भरमू, फार गुणी. वर्षभरात तो तापानं गेला. अण्णा हळहळले, आणि शिकवणी सुटली म्हणून आतल्या आत घाबरलेही. पण दिवस झाल्यावर मालक स्वतः शाळेत आले. मी तिथंच होतो. म्हणाले, "मास्तर, तुम्ही येत ऱ्हावा. आमच्यात असलं मानत न्हाईत, जीव गेला तो दुसऱ्या जन्माला गेला. पण त्याची आई शिकवणी ऐकल्याबिगर ताटावर बसंना झालीय."

जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. म्हणजे पाचला शाळा सुटली की अण्णांनी धावतपळत जायचं, रिकाम्या पाटासमोर बसून धडा घ्यायचा आणि मग त्या बाईनं जेवायचं. उशीर झाला की ती दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. रजा नाही, सणवार नाही, रविवार नाही. महिन्याच्या एक तारखेला मात्र शिकवणीच्या पैशांचं पाकीट चुकत नसे.

अण्णा घसा राखायला लागले तेव्हापासून. वर्गाला पाटीवर काहीतरी उतरवायला द्यायचे आणि खुर्चीत डोळे मिटून बसायचे. साडेचार वाजले की तोंडावर पाणी मारायचे आणि माणूस जागा व्हायचा, पण तोवर घंटेची वेळ. पुढं पुढं भलतंच सुरू झालं. वर्गात प्रश्न विचारायचे आणि खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबायचे. इकडे पोरं हात वर करकरून दमायची. मग अण्णा मान डोलवायचे, "शाब्बास" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न. खिडकीखाली उजेड चांगला, पण तिथं बसायला एकही पोर तयार होईना. वर्षाच्या शेवटी सातवीची परीक्षा होती. पास झालेल्याला मास्तरकी नाहीतर तलाठ्याची जागा, नापास झालेल्याला वखारीत तंबाखूची धूळ. त्या पोरांचं पुढचं आयुष्य अण्णांच्या घशात अडकलं होतं.

एकदा अण्णांना हिवताप आला. मला म्हणाले, "आज तू जा बाबा. बाई उपाशी ऱ्हाईल." मी मनातून हसतच गेलो. स्वच्छ सारवलेली खोली, पाट, पाटासमोर पाटी-पेन्सिल. आतल्या दाराच्या आड बाई बसलेल्या, फक्त लुगड्याचा काठ दिसत होता. मी त्रैराशिक काढलं. उरकून उठणार, तर आतून शांत आवाज आला, "मास्तर, त्याला कळलं न्हाई. परत सांगा." मी परत खाली बसलो. परत सांगितलं, आणि काय सांगू, असं शिकवलं की माझं मलाच नवल वाटलं. समोर कोणी चुळबुळत नाही, कोणाला भूक नाही, कोणी जांभई देत नाही. शब्द माझ्यातून कोणी ओढून घेतल्यासारखे निघत गेले. मी बाहेर आलो. मागे बाईंच्या ताटाचा आवाज आला.

मी अण्णांना म्हणालो, सोडा ते घर, ते तुम्हाला खातंय. ते म्हणाले, "न्हाय गेलो तर ती बाई उपाशी, आणि पाकीट न्हाय आलं तर माझी पोरं उपाशी. आणि खरं सांगू का तुला... आता मला तिथंच शिकवाय येतं. हितं काय येतच न्हाय." त्या वर्षी सातवीचा जवळजवळ सगळा वर्ग नापास झाला. शाळा तपासायला येणारे डिपोटीसाहेब पोरांदेखत अण्णांना नाही नाही ते बोलले. अण्णा सारखे खिडकीकडे बघत होते. पुढं माझी बदली बेळगावला झाली, आणि खोटं कशाला बोलू, मी सुटलो असं मला वाटलं.

समाचाराला अण्णांच्या घरी गेलो तो नेमका महिन्याच्या सुरुवातीला. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या, मांडीवर ते पाकीट. म्हणाल्या, "वखारीचा माणूस आलता सकाळी. म्या म्हटलं, मास्तर गेले, ठाऊक न्हाय का तुमास्नी? तर म्हणतो, मालकिणीनं सांगितलंय, मास्तर येत्यात. शिकवणी चालू हाय." मला खरं वाटेना. संध्याकाळी मी त्या घरी जाऊन आलो. आता समोरासमोर दोन पाट मांडलेले होते. खोलीत आवाज कसलाच नव्हता. दाराआड बाई बसलेल्या, मध्येच हलक्या हसल्या, अण्णांनी काही खट बोलावं आणि हसू यावं तशा. दिवस मावळायच्या जरा आधी त्या उठल्या आणि जेवायला गेल्या. मालक माझ्याकडे बघत नव्हते.

परत आलो तर पोरं जेवत होती. वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, पाकीट परत केलं तर ते सुटतील का हो? लई दमलंत ते." धाकटा भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवून खात होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "ठेवा वहिनी." आता रोज पाचला आमच्या शाळेची घंटा होते, पोरं ओरडत घरी पळतात, आणि मी अण्णांना कामावर पाठवतो.