ताईच्या हाडांपर्यंत

ताईच्या स्तनातली गाठ काढली तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती. लवकर सापडली, असं सगळेच म्हणाले. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, मग रोजची एक गोळी. ताई गोडदेव गावात सासरी, मी जवळच सिल्व्हर पार्कच्या वस्तीत. दोन वर्षांत आम्ही त्या आजाराचं नाव घेणंही सोडून दिलं.

दिवाळीच्या सुमारास तिची कंबर दुखायला लागली. बादली उचलल्याचं निमित्त झालं, असं ती म्हणायची. महिनाभर मलम चोळलं. पण जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबायची, कठडा घट्ट धरून. शेवटी मीच तिला स्कॅनला नेलं.

कॅन्सर हाडांत पोचला होता.

"पण गाठ तर एवढीशी होती," मी डॉक्टरबाईंना म्हणाले.

"आकारावर सगळं ठरत नाही. काही जनुकं असतात, ती गाठ होणं थांबवत नाहीत, पण तिथून सुटलेल्या पेशींना दुसरीकडे मूळ धरू देत नाहीत. कधीकधी गाठीतल्या पेशींमध्ये तीच गप्प होतात. ह्यांच्या बाबतीत तसंच झालं का, ते नक्की नाही सांगता येणार."

"गप्प म्हणजे गेलीच का?" ताईने विचारलं.

"बऱ्याचदा जागेवरच असतात. काम थांबवतात."

"मग परत चालू करा ना."

बाईंनी रिपोर्ट मिटला. "संशोधन चाललंय. आज माझ्याकडे तसं औषध नाही. आहेत त्या औषधांनी आजार रोखून धरू."

किती दिवस, ते आम्ही विचारलं नाही.

रिक्षात ताई म्हणाली, "घरी मणक्यात गॅप आलाय म्हणून सांगायचं. पोरीची बारावी होऊ दे."

मी तसंच सांगितलं.

शेवटच्या पेपरच्या दोन दिवस आधी ताईने फळीवरून पिठाचा डबा काढला आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती पडलीही नव्हती, नुसती टाचा उंचावून उभी होती. हॉस्पिटलात मी तिच्या सासूबाईंना खरं सांगायला लागले. उभं आयुष्य मिठागरात राबलेली बाई. त्यांनी मला थांबवलं.

"मला म्हाईत हाय सगळा. तिच्या गोळ्या बदलल्या, त्या काय मला दिसत न्हाय? पोरीला नको सांगू आता."

म्हणून आम्ही तिघी मिळून त्या पोरीशी खोटं बोललो. तिने शेवटचा पेपर दिला. निकालाच्या दिवशी ताईने पेढा फक्त ओठांना लावला. गणपतीआधी ती गेली.

तेराव्यानंतर भाचीने विचारलं, "मावशी, तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीनंतर महिनाभराने."

ती म्हणाली, "मी आईला म्हणायचे, अभ्यास करतेय, खोलीत येऊ नकोस."

माझी दरवर्षीची मॅमोग्राफी आत्तापर्यंत स्वच्छ निघाली आहे. यंदा तसं सांगितलं, तर भाची म्हणाली, "रिपोर्ट दाखव." मी दाखवला. तिने तो दोनदा वाचला, तारीख तपासली, आणि तरीही तिचा चेहरा मोकळा झाला नाही.