देवीला न विचारलेला प्रश्न

पेडणे तालुक्यात देवीला आमच्या शाळेच्या अध्यक्षांइतके प्रश्न विचारणारा माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होऊही नये, कारण देवीलाही विश्रांती हवी. गावात त्यांना सगळे शेट म्हणतात. इमारती बांधून विकायच्या आणि आलेला पैसा शाळेत घालायचा, हा त्यांचा व्यवसाय. मी त्या शाळेची मुख्याध्यापिका. पैसा ते घालतात आणि तो कुठे घालू नये हे मी सांगते, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

आमच्याकडे देवळात कौल घ्यायची पद्धत आहे. पुजारी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाकीची माणसं लग्न, जमीन, आजारपण असलं काही घेऊन जातात. शेट फरशीचा रंग घेऊन जातात. एकदा डावी पडली म्हणून त्यांनी तयार होत आलेल्या इमारतीतल्या सगळ्या न्हाणीघरांची तोंडं फिरवली. इंजिनिअरनं वैतागून राजीनामा दिला. शेट तो राजीनामाही देवळात घेऊन गेले. पाकळी परत डावी. तो इंजिनिअर अजून त्यांच्याकडेच आहे. लिफ्ट कुठली घ्यावी हेसुद्धा त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं की देवीला लिफ्टमधलं काय कळणार. शेट शांतपणे म्हणाले, "बाई, इतकी वर्षां लोक धापा टाकीत तिच्या पायऱ्या चढतत. चढणीचां तिका कळूचा नाय?"

मूळचे ते नार्वेचे. सातवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती आणि रोज होडीला द्यायला घरात काही नव्हतं, म्हणून ते डिचोलीच्या खाणीवर ट्रकच्या मागे क्लीनर म्हणून उभे राहू लागले. पुढे ट्रक चालवला, मग स्वतःचा घेतला, खाणी थंडावल्यावर जांभ्याचे चिरे वाहिले आणि वाहिलेले चिरे एकावर एक ठेवता ठेवता बिल्डर झाले. हे सगळं ते एका वाक्यात उरकतात, तेही कुणी विचारलं तर. शाळेच्या इमारतीवर त्यांनी स्वतःचं नाव लावू दिलं नाही. आलेले पाहुणे याला विनय समजतात. खरं कारण त्यांनी मला सांगितलं आहे: नाव लावलं की गळतीची तक्रार थेट घरी येते.

शाळेत आले की ते आधी भिंती तपासतात. वर्ग चालू असो की परीक्षा, बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जायचं आणि कान लावायचा. मुलांना आता सवय झाली आहे, नवे शिक्षक मात्र दचकतात. मग एखाद्या मुलाला उभं करून विचारायचं, ह्या भिंतीत चिरे किती? चटकन आकडा सांगणारी मुलं त्यांना आवडत नाहीत. एक मुलगी म्हणाली, गिलाव्याखालचे कसे दिसणार, आधी भिंत फोडायला लागेल. तिच्यावर ते इतके खूश झाले की मला भिंतीची काळजी वाटली. स्नेहसंमेलनात त्यांचं भाषण शिक्षणापासून सुरू होतं आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर संपतं. पालक ते मन लावून ऐकतात. पावसाळा सगळ्यांनाच आहे.

विमानतळ झाल्यापासून आमच्या भागात खडकालाही गिऱ्हाईक येऊ लागलं. शेट मात्र त्याच काळात अडकले. केरीच्या चढावरची त्यांची मोठी इमारत परवान्यांच्या घोळात अर्धी राहिली, बँकेचा तगादा सुरू झाला, आणि नेमकी तेव्हा दिल्लीची एक पार्टी शाळेचं मैदान विकत मागायला आली. तिथून खाडीचं मुख आणि समुद्र एकदम दिसतो. मैदान अजून शेटच्याच नावावर होतं. शाळेला हात लावणार नाही, असं पार्टी म्हणत होती. पण मैदान गेलं की हायस्कूलची मान्यता धोक्यात येते. जवळचं दुसरं हायस्कूल दोन बस बदलून आहे. मच्छीमारांच्या आणि सिंधुदुर्गातून कामाला आलेल्या मजुरांच्या मुली तिथवर जाणार नाहीत, घरी बसतील. हे मी शेटना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंत ठोकली.

त्यांचा मुलगा शिकलेला, सरळ मुलगा आहे. त्यानं कर्जाच्या काळजीनं वडिलांना त्यांच्याच रस्त्यावर गाठलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही नळाची तोटीसुद्धा देवीक विचारून बसवतात. मगे ह्या तिकाच विचारूया. ती म्हणता तसां."

सोमवारी सगळे देवळात जमले. मुलगा, इंजिनिअर, पार्टीचा माणूस आणि शाळेतर्फे मी. पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि शेटकडे बघितलं. शेटनी हात जोडले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "देवी माये, शाळेच्या कंपाउंडाक रंग लावूचो काय नको?"

कंपाउंडला रंग आदल्याच आठवड्यात लागला होता. हे तिथं पार्टीचा माणूस सोडून सगळ्यांना माहीत होतं. उजवी पाकळी टपकन पडली. मुलगा समईकडे बघत राहिला. पुजारी तीर्थ आणायला म्हणून आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही.

पायऱ्या उतरताना मी विचारलं, खरा प्रश्न का नाही घातला. शेटनी कठड्याचा चिरा पेरांनी ठोकून बघितला. मग हळू म्हणाले, "तिका विचारलंय आनी ती होय म्हणाली तर, बाई? मगे माका विकूचा लागात."

महिन्याभरात त्यांनी स्वतःचं राहतं घर विकलं, बागेसकट. त्यासाठी मात्र कौल घेतला. प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पडली, असं पुजारी सांगतो. मैदान संस्थेच्या नावावर करून घ्यायला मी त्यांच्या मागे लागले आणि तेही झालं. आता नवराबायको शाळेसमोरच्या त्यांच्याच जुन्या इमारतीत, न विकलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. न्हाणीघर गळतं. शेट आपल्याच ऑफिसात तक्रार करतात आणि मुलगा, बघतो, म्हणतो. संध्याकाळी ते बाल्कनीत बसून खालचा खेळ बघतात. कोण चांगला खेळतो ते त्यांना कळत नाही, सगळेच आवडतात.

यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. शाळा कधी उघडणार, असं विचारत होते. तारीख त्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती. मी सांगितली. ते म्हणाले, "तसां नाय गे बाई. हंयसर कोण दिसणा नाय."

सुट्टीत मैदानाच्या फाटकाला कुलूप असतं. मी शिपायाला सांगून संध्याकाळचं ते उघडं ठेवलं. वाड्यावरची पोरं आपोआप आली. त्यानंतर शेटचा फोन आला नाही.