पाच जणांचा भार

मराठवाड्यात पूरड्यूटी लागली, तेव्हा नायक राठोड खूश झाला. तो सेनगावकडच्या तांड्यावरचा, मी हट्टा गावचा. सरकारी खर्चाने माहेरी निघाले म्हणून सेक्शनने आम्हाला भरपूर चिडवलं. आम्ही फौजेतल्या इंजिनिअर्स पलटणीचे. मी हवालदार, बोटीच्या मोटरींचा मेकॅनिक. राठोड बोट कमांडर.

सकाळी कयाधू नदीच्या काठी पोचलो. बोटी दोनच. चांगली बोट खालच्या गावाला गेली. उरलेल्या बोटीची मोटर जवळजवळ माझ्या नोकरीइतकी जुनी. रिकामी छान चालायची, भार पडला की धापा टाकायची. पेट्रोल ताजं होतं, प्लगची ठिणगी जोरदार होती. स्टार्टरची दोरी ओढली, तर ती निमूट हातात आली. मध्येच जो अडसर लागायला हवा, तो लागला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण फौजेत आरसाही लागतो. प्लग काढून आतला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला. वरचा सिलिंडर ठीक, खालचा त्याच्या निम्मा. मग खालच्या प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा दोरी ओढली. ऑइलने फट बुजली आणि काटा चढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. आतलं ऑइल टिकेल तेवढाच वेळ मोटरचा दम टिकणार होता.

आमच्या सेक्शनचा रिवाज असा, की भार मेकॅनिकने सांगायचा आणि बोट कमांडरने तो मोठ्याने परत म्हणायचा. त्यानंतर वाद नाही.

मी म्हणालो, "तुमी दोघं धरून पाच."

"पाच. सहावा न्हाई," राठोड म्हणाला आणि एका सॅपरला, आमच्यातल्याच एका जवानाला, घेऊन निघाला.

पलीकडे एका घराच्या माळवदावर तीन माणसं दिसत होती. हिशोब जुळत होता. थोड्या वेळाने वायरलेसवर राठोडचा आवाज आला.

"इथं चार हायेत. म्हातारबा आडवे होते, दिसले न्हाईत. मी उतरतो. भार पाच, बराबर? ओव्हर."

"बराबर. दुसऱ्या फेरीला मी येतो. ओव्हर."

सॅपर चौघांना घेऊन आला. काठाला लागेपर्यंत मोटर रडकुंडीला आली होती. मी पुन्हा ऑइल सोडलं आणि सॅपरला घेऊन निघालो. मातीचं माळवद भिजलं की किती भरवशाचं, हे राठोडला आणि मला, दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. आम्ही नदीच्या मध्यावर असताना ते राठोडसकट खाली बसलं. राठोड दुसऱ्या दिवशी प्रवाहात बऱ्याच खाली सापडला.

युनिटला परतल्यावर मी ती मोटर स्वतः खोलली. कुणी सांगितलं नव्हतं. माझं निदान चुकलं असतं, तर सहावा माणूस बसू शकला असता, आणि तो विचार मला झोपू देत नव्हता. खालच्या पिस्टनची एक रिंग तुटलेली निघाली, सिलिंडरवर खोल ओरखडे होते. सहाव्या माणसाने सगळेच बुडाले असते. निदान बरोबर निघाल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

सुट्टी मिळताच तांड्यावर गेलो. तिथे लोक म्हणत होते, एका माणसाने बोटीला काय जड झालं असतं? राठोडच्या आईने मला चहा दिला, समोर बसली आणि एकच विचारलं.

"मशीनमधी खरंच दम नव्हता का, बाबा?"

"नव्हता, माय. मी सोता खोलून पाह्यलं."

"मंग बराबर उतरलं माझं लेकरू," ती म्हणाली आणि रडू लागली. तोवर ती रडलीच नव्हती, असं निघताना तिच्या सुनेने मला सांगितलं.