आठ आकड्यांचं डुक्कर

नातवाच्या पडद्यावर काल चक्क एक बैलबंडी दिसली. खेळ परदेशी, त्यातले शिपाई, बंदुका, पडक्या इमारती, सगळं तिकडचं. आणि त्या धुमश्चक्रीत तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, भरलेली आपली बंडी शांतपणे रस्ता ओलांडत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मीच घातली, आजोबा. मॉड आहे हा," तो म्हणाला, आणि खेळणारेच खेळाच्या पोटात शिरून हवे ते फेरफार कसे करतात, हे त्यानं मला अगदी बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. हा शोध आपल्याच पिढीनं लावला अशी त्याची खात्री आहे. असू दे. पण त्या तणसाकडे बघता बघता मला पिकलेल्या धानाचा वास आला आणि नागभीडच्या पलीकडची ती शाळा आठवली.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी नागपूरचा, नोकरी पहिलीच, आणि जंगलाच्या तोंडाशी बदली झाल्यासारखा चेहरा करून तिथे रुजू झालो होतो. त्याच सुमारास शाळेला एक संगणक मिळाला. मी दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि वासरात लंगडी गाय शहाणी, तसा पंचक्रोशीतला एकमेव तज्ज्ञ ठरलो. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. देवळात जाताना काढणार नाहीत इतक्या निगुतीनं मुलं त्या रांगेत लावून ठेवत. वीज असेल तेव्हा यंत्र चाले, नसेल तेव्हा मी फळ्यावर शिकवी. संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, कॅसेटवर असत आणि टेपरेकॉर्डरमधून किरकिरत यंत्रात उतरत. त्यात एक खेळ होता: वरून परग्रहावरची यानं खाली उतरतात, आपण खालून त्यांना टिपायचं. मुलं तो खेळत, पण परकं पाहुणं घरी आल्यासारखी जरा अवघडून.

मग मला हुक्की आली की हा खेळ इथला करायचा. पडद्यावरचं प्रत्येक चित्र म्हणजे आठ आडव्या, आठ उभ्या घरांचा चौकोन. आलेखाच्या कागदावर हवी ती घरं भरायची, प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या घरांच्या ठरलेल्या किमतींची बेरीज करायची; आठ ओळींचे आठ आकडे. यंत्रातले आठ आकडे बदलले की चित्र बदललं! चार संध्याकाळी खपून मी यानांच्या जागी रानडुकरं आणली, तोफेच्या जागी मचाण आणि गोळीच्या जागी गोफणीचा दगड. वरून जंगल सोडून डुकरं उतरतात, खाली धान उभं आहे. इतका खूश होतो मी स्वतःवर की विचारू नका.

आठवीत एक मुलगी होती. रोज चार मैल चालत येई. गोंडाची पोर, बोलणं कमी, पण बेरजा अशा की मी खडू शोधेपर्यंत उत्तर तयार. पहिला मान तिला द्यायचा म्हणून मी तिला यंत्रापुढे बसवलं. ती पडद्याकडे बघत राहिली, दगड सोडायच्या किल्लीवर बोट ठेवीना.

"काय झालं?"

"सर, हे कासव होय. आमच्या कुळाचा देव. त्याले मारत नाई."

वर्ग हसला. खरं सांगतो, मीही हसलो. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरातून देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली. देवाचं नाव काढलं की मला जरा चेवच चढायचा. म्हणालो, "अगं, डुक्कर आहे ते. मी काढलंय ना? दाब." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दाबलं. ढप्प आवाज होऊन ते चित्र नाहीसं झालं. ती उठून जागेवर जाऊन बसली. तासाच्या शेवटापर्यंत तिनं मान वर केली नाही, आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षातही आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. आठवडा उलटला तेव्हा तिच्या गावच्या मुलीनं खाली बघत सांगितलं, "तिचा बाबा म्हनते, देव माराले लावते त्या शाळेत काऊन पाठवू? आता ते वावरात राखण करते. शाळा सुटली तिची." आमच्या घरात शाळा सुटली म्हणणं शिवीसारखं होतं. माझ्या वडिलांनी गिरणीत पाळी करून, एक वेळ उपाशी राहून मला शिकवलं ते याच एका शब्दाला हाकलण्यासाठी. आणि मी एका पोरीची शाळा सोडवली होती, खेळातल्या चार संध्याकाळींच्या हौसेपायी. हुशारीचा माज फार सावकाश उतरतो म्हणतात. माझा त्या एका वाक्यात उतरला.

रविवारी सायकल काढली. खिशात तोच आलेखाचा कागद. दोन्ही बाजूंनी धान कापणीला आलेलं, हवेत तो ऊबदार, किंचित गोडसर वास. तिचे वडील मचाणाखाली बसून दोर वळत होते. पोरगी बांधावर उभी राहून तेलाचा रिकामा डबा बडवत पोपट उडवत होती. मला पाहून तिचा हात थांबला, पण ती जवळ आली नाही.

"या गुरुजी. पानी घ्या," ते म्हणाले. रागावलेल्या माणसानंही पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, ही तिकडची रीत. मी पाणी प्यालो आणि घाईघाईनं कागद पुढे केला. "भाऊ, हे डुक्कर होतं. कासव नव्हतंच. मीच काढलंय."

त्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. मग हसू दाबत विचारलं, "गुरुजी, तुमी रानडुक्कर पाह्यलं हाये का कधी?"

नव्हतं पाहिलं. नागपूरच्या नाल्यातलं तेवढं माहीत.

"याले मान कुठी हाये? डुकराची सारी ताकद मानेत. हे त कासवच होय. माही पोरगी बरोबर बोलली मंग." त्यांनी काडी घेऊन मातीत एक रेघ मारली: उंच खांदा, खाली झुकलेलं लांब तोंड, मागे उतरत गेलेली पाठ. दर हंगामात ज्याच्याशी गाठ, त्याचं चित्र काढायला त्यांना एकच रेघ पुरली. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं. माफ करा."

"माफी मले मांगू नोका, गुरुजी. तिले मांगा."

तेरा वर्षांच्या पोरीपुढे उभा राहून मी माफी मागितली. तिनं हात पुढे करून कागद घेतला, माझ्या खिशातली पेन्सिल मागितली, आणि मचाणाखाली येऊन बापाची मातीतली रेघ बघून कोऱ्या घरांमध्ये डुक्कर भरू लागली. मग वर्गात सांगितलेल्या किमतींच्या, ओठ हलवत, तोंडी बेरजा.

"हे काय करून राह्यली वो?" बापानं विचारलं.

"डुकराचे आकडे काढून राह्यली, बाबा." आणि तिनं आठ आकडे ओळीनं लिहून दिले. मी मनातल्या मनात ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता. वडिलांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. अक्षरओळख नव्हती त्यांना, पण आपली पोर काहीतरी जाणते हे कळायला अक्षरं लागत नाहीत.

"पाठवतो उद्यापासून," ते म्हणाले. "पन एक सांगतो. डुकरालेबी मारू नोका. आमी कुठी मारतो? डबा वाजवून हाकलतो. त्याचंबी पोट हाये."

ती आली. आम्ही खेळ पुन्हा उलगडला. दगड लागला की डुक्कर मरायचं नाही, वळून जंगलात जायचं. त्याची वळण्याची ओळ तिनंच लिहिली. डब्याचा आवाजही तिनं यंत्रातून काढला. पोरांनी आधी कुरकुर केली, "मरत नाई त मजा काय?" मग लक्षात आलं की हाकललेलं डुक्कर पुन्हा येतं. मेलेलं परवडलं! खेळ दुप्पट अवघड झाला आणि चपलांची रांग दुप्पट लांब. ती दहावी झाली, पुढे चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकायला गेली. मला निरोप द्यायला आली तेव्हाही दोन वाक्यांपलीकडे बोलली नाही. त्या माफीचं उत्तर मात्र तिनं कधी दिलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

माझी बदली झाली तेव्हा सामान ताब्यात देण्यापूर्वी मी शेवटची ती कॅसेट लावली. डुकरं उतरली, मी किल्ली दाबत राहिलो, बराच पुढे गेलो. तिथवर मी आधी कधी पोचलो नव्हतो. आणि अचानक किल्ली बंद पडली. पुन्हा दाबली, जोरात दाबली. दगड सुटेना. वाटलं, यंत्र गेलं. तेवढ्यात डुकरंही जागच्या जागी थांबली आणि बांधाच्या कडेनं एक कासव निघालं. सावकाश, एकेक घर सरकत. ते पडद्यापलीकडे गेलं आणि किल्ली पुन्हा चालू झाली.

मी कार्यक्रमाच्या ओळी उघडून पाहिल्या. तेव्हा प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे; माझे क्रमांक दहा-दहाच्या अंतरानं होते. मधे शिरलेल्या तिच्या ओळी लगेच ओळखू आल्या. त्यात कासवाचे आठ आकडे होते. ते मी चांगले ओळखत होतो. चार संध्याकाळी खपून मीच काढले होते ते, डुक्कर म्हणून. माझं फसलेलं चित्र तिनं टाकून दिलं नव्हतं. त्याला त्याचं खरं नाव देऊन, हात लावता येणार नाही अशा जागी नेऊन ठेवलं होतं.

ती कुठे असेल, माहीत नाही. कॅसेटला केव्हाच बुरशी लागली. पण पुढच्या तीस वर्षांत एखादं मूल म्हणालं, "सर, मला हे वेगळंच दिसतंय," की माझं बोट आपोआप थांबायचं. हे तिनं मला शिकवलं, आणि त्याबद्दल तिचे आभार मानायचे राहिलेच आहेत. नातवाला मी फक्त एवढंच विचारलं, "तुझ्या बंडीच्या बैलांना गोळी लागते का रे?"

"लागते की."

"लागू नये असं करता येईल?"

तो खुर्ची पुढे ओढून ओळी उघडू लागला. मी शेजारी बसून राहिलो, हात मांडीवर ठेवून, बंडी पलीकडे जाईपर्यंत.